कोरड्या पुलावरचीं पदकें

जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी ही कूरा नदीच्या दोन्ही तीरांवर, डोंगरांच्या कुशींत वसली आहे. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतून तिचें नांव तिफ्लिस असें येत असे. १९३६ सालीं तें बदललें. शहरांत उष्ण गंधकाचे झरे आहेत, त्यांवर घुमटाचीं स्नानगृहें आहेत, आणि लांकडी सज्जांचीं जुनीं घरें एकमेकांस अशीं टेकून उभीं आहेत कीं, पुण्याच्या जुन्या पेठांची आठवण व्हावी. ह्या सर्वांचें वर्णन प्रवासी मंडळींनीं पुष्कळ केलें आहे. त्यांत आम्ही भर घालीत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें नदीकांठच्या एका बाजाराविषयीं.

ह्या बाजारास ‘कोरडा पूल’ असेंच म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कुदिएरी नांवाच्या इटालियन स्थापत्यकारानें कूरेच्या एका फांट्यावर हा पूल बांधला. पुढें फांटा बुजला, पुलाखालून पाण्याऐवजीं मोटारी वाहूं लागल्या, पूल मात्र राहिला. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला. त्यानंतरचीं दोनतीन वर्षें जॉर्जियास फार कठीण गेलीं. यादवी माजली, वीज व इंधन मिळेना, पगाराच्या नोटांस किंमत उरली नाहीं. तेव्हां घराघरांत जें कांहीं विकण्याजोगें होतें तें ह्या पुलापाशीं येऊन पडलें. झुंबरांचे लोलक, सामोवार, चिनी मातीचीं भांडीं, कट्यारी, ग्रामोफोनच्या तबकड्या, जुने कॅमेरे, आणि ह्या सर्वांच्या जोडीला लढाईचीं पदकें. दिवस पालटले, पण बाजार उठला नाहीं. आज तेथें हौशी प्रवासी येतात आणि विकणारे बहुधा धंदेवाईकच असतात. परंतु त्यांच्यापुढें पसरलेल्या सतरंजीवर जें असतें तें कोणाच्या तरी कपाटांतून आलेलें असतें, हें विसरतां येत नाहीं.

आम्ही उभयतां, चिरंजीव व सूनबाई असे २०२३ सालच्या सप्टेंबरांत तेथें गेलों होतों. आमच्या सूनबाईंनीं पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें रशियन भाषेचे वर्ग केलेले आहेत. त्या विद्येचा घरांत आजवर कांहीं उपयोग झाला नव्हता. ह्या प्रवासांत तो झाला.

पदकांकडे पाहतांना पहिली गोष्ट ध्यानांत येते ती अशी कीं, त्यांतलीं पुष्कळशीं अगदीं मुकीं असतात. ‘जर्मनीवरील विजयाबद्दल’ हें पितळी पदक तेथें मूठमुठीनें मिळतें. त्यावर स्तालिनचा चेहरा आहे. आणि स्तालिन तर ह्याच देशांतल्या, त्बिलिसीहून फारसें दूर नसलेल्या गोरी गांवचा. हें पदक सुमारे १ कोटी ४९ लक्ष लोकांस मिळालें. त्यावर क्रमांक नाहीं. स्तालिनग्राड, सेव्हास्तोपोल, लेनिनग्राड इत्यादि शहरांच्या संरक्षणाचीं पदकें निघालीं, त्यांवरहि क्रमांक नाहीं. तें ज्याच्या छातीवर होतें तो गेला कीं पदकाची वाचा गेली.

ज्यांवर क्रमांक आहे त्यांची गोष्ट निराळी. ‘शौर्याबद्दल’ हें चांदीचें गोल पदक १९३८ सालीं स्थापन झालें. त्यावर तीन विमानें, खालीं रणगाडा व मध्यें तांबड्या अक्षरांत तीं दोन रशियन पदें. साध्या शिपायांत ह्या पदकाची प्रतिष्ठा फार मोठी, कारण तें केवळ रणांगणावरच मिळे. ‘तांबडा तारा’ हें मानचिन्ह त्याच्याहि वरचें. पांच टोकांचा चांदीचा तारा, त्यावर गडद तांबडा मिना, आणि मध्यभागीं लांब कोट घातलेला, बंदूक धरून उभा असलेला शिपाई. मागच्या बाजूस टांकसाळीचें नांव, मळसूत्री खिळा आणि हातानें कोरलेला अनुक्रमांक. हें मानचिन्ह १९३० पासून दिलें जात असे. सर्व मिळून ३८ लाखांहून अधिक वेळां तें दिलें गेलें. ‘पितृभूमीच्या युद्धाचें’ मानचिन्ह १९४२ च्या मे महिन्यांत, ऐन युद्धांत निघालें. पण तें विकत घेणारे चतुर लोक आधीं क्रमांक पाहतात, कारण १९८५ सालीं, विजयाच्या चाळिसाव्या वर्षीं, जे जे योद्धे हयात होते त्या सर्वांस तें पुन्हां वांटण्यांत आलें. युद्धांतलें महाग आणि वर्धापनाचें स्वस्त! नकली क्रमांक कोरणारेहि बाजारांत आहेत. त्या शास्त्रांत आम्ही शिरत नाहीं.

एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या सतरंजीवर असाच एक तांबडा तारा होता. एका टोकाचा मिना उडालेला. त्याच्याखालीं घडी पडलेली एक लहानशी पुस्तिका दाबून ठेवलेली होती. सोव्हिएट राज्यांत मानचिन्ह मिळालें कीं त्याबरोबर अशी पुस्तिका मिळे. तींत धारकाचें नांव, त्याच्या वडिलांचें नांव, आडनांव आणि त्यास मिळालेल्या प्रत्येक मानचिन्हाचा अनुक्रमांक लिहिलेला असे. आपल्याकडे जसें नांव, वडिलांचें नांव व आडनांव हीं तिन्हीं मिळून माणूस पुरा होतो तसेंच तेथें आहे. १९४७ सालच्या अखेरपर्यंत ह्या पुस्तिकेवर तांबड्या ताऱ्याच्या मानकऱ्यास दरमहा १५ रुबल मिळत. १९४८ च्या आरंभापासून तें वेतन बंद झालें. सूनबाईंनीं ताऱ्याचा क्रमांक पुस्तिकेंतल्या क्रमांकाशीं ताडून पाहिला, तो जुळला. दुकानदाराला त्याचें कांहीं विशेष वाटलें नाहीं. ताऱ्याची किंमत त्यानें सांगितली, आणि पुस्तिका हवी असल्यास तशीच न्या, असें म्हणाला.

दुसऱ्याच्या पराक्रमाचें चिन्ह मोल देऊन आपल्या घरीं न्यावें कीं नाहीं, ह्याचा निर्णय आमच्यानें त्या क्षणीं होईना. रशियांत असल्या मानचिन्हांची खरेदीविक्री हा फौजदारी गुन्हा आहे. येथें तसा निर्बंध दिसला नाहीं. परंतु प्रश्न कायद्याचा नव्हता. आम्हीं पुस्तिकेच्या पानांचीं छायाचित्रें घेण्याची परवानगी मागितली, ती त्यानें हंसत दिली, आणि आम्ही बिऱ्हाडीं परतलों.

ह्या क्रमांकांचा उगम जेथें आहे तें ठिकाण मॉस्कोच्या दक्षिणेस, पोडोल्स्क गांवीं आहे. तेथें रशियाच्या संरक्षण खात्याचें मध्यवर्ती दफ्तर आहे. १९४१ च्या ऑक्टोबरांत जर्मन सैन्य मॉस्कोच्या रोंखानें येत असतां ह्याच गांवच्या दोन लष्करी शाळांतल्या विद्यार्थ्यांस इल्यिन्स्कोये येथील फळीवर उभें करण्यांत आलें, आणि त्यांतले बहुसंख्य परत आले नाहींत. आज त्या गांवीं कोट्यवधि शिपायांचे कागद आहेत. प्रत्येक मानकऱ्याचें एक कार्ड. त्यावर जन्मसाल, जन्मग्राम, मिळालेलीं मानचिन्हें व त्यांचे क्रमांक. हातीं केवळ क्रमांक असेल तर जाणत्या माणसाकरवीं तेथें शोध घ्यावा लागतो आणि पुष्कळ थांबावें लागतें. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर चढाई केल्यापासून परकीयांस तर तें फारच दुर्घट झालें आहे. परंतु नांव ठाऊक असेल तर काम सोपें आहे. मानचिन्हांच्या शिफारशींचे मूळ कागद छायाचित्रें घेऊन संगणकावर सर्वांस पाहतां येतील असे ठेवण्यास संरक्षण खात्यानें २०१० पासून आरंभ केला आहे. आमच्या दुकानदारानें जी पुस्तिका फुकट देऊं केली ती म्हणजे त्या दफ्तराची किल्लीच होती.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर (आमचें जेवण म्हणजे ‘लोबिओ’, आपल्या राजम्याची आमटी म्हणाना, शाकाहारी माणसास ह्या देशांत उपास पडत नाहींत) सूनबाईंनीं शोध सुरू केला. पहिल्या तासांत कांहींच मिळालें नाहीं. जॉर्जियन नांवें रशियन कारकुनांस नीट लिहितां येत नसत. ‘श्विली’ म्हणजे अपत्य आणि ‘द्झे’ म्हणजे पुत्र, हे दोन प्रत्यय बहुतेक जॉर्जियन आडनांवांच्या शेवटीं असतात, आपल्या ‘कर’सारखे, तेवढे शाबूत राहतात, पण आधींच्या अक्षरांचे हाल होतात. आमच्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनीं त्या आडनांवाचीं चारपांच अपभ्रष्ट रूपें कागदावर लिहून दिलीं. तिसऱ्या रूपास दफ्तर उघडलें.

शिफारशीचा कागद छापील नमुन्याचा, पण मजकूर हातानें लिहिलेला होता. वर रकाने: हुद्दा, काम, जन्मसाल, राष्ट्रीयता, पक्षाचा सभासद आहे कीं नाहीं, सैन्यांत केव्हांपासून, जखमा किती, पूर्वीचीं मानचिन्हें कोणतीं, कोणत्या भरती कचेरीनें बोलाविलें, घरचा पत्ता. त्याखालीं, पराक्रमाचें थोडक्यांत व नेमकें वर्णन करा, अशी सूचना. आणि मग कोणा रेजिमेंटच्या अधिकाऱ्याच्या घाईच्या अक्षरांतल्या दहाबारा ओळी. त्या शिपायाचें नांव आम्ही येथें देत नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच. तो पायदळाच्या एका रेजिमेंटमध्यें टेलिफोनच्या तारा सांभाळणारा होता. १९४४ च्या ऑगस्टांत विस्तुला नदीच्या पलीकडच्या तीरावर त्याच्या तुकडीनें पाय रोंवला. शत्रूच्या तोफांनीं तार तुटे आणि पुढच्या खंदकाचा मागच्या तोफखान्याशीं संबंध तुटे. एका दिवसांत सात ठिकाणीं तुटलेली तार ह्यानें सरपटत जाऊन जोडली; सातव्या खेपेस हाताला जखम झाली असतां दांतांनीं वेष्टण सोलून टोंकें जुळविलीं. रेजिमेंटनें ‘पितृभूमीच्या युद्धा’च्या दुसऱ्या वर्गाची शिफारस केली, वरच्या अधिकाऱ्यानें तांबडा तारा दिला. १९४२ च्या नोव्हेंबरापासून डिव्हिजनच्या सेनापतीस हा तारा स्वतःच्या अधिकारांत देतां येत असे, त्यामुळें प्रकरण मॉस्कोपर्यंत जाण्याचें कारण नव्हतें.

इतकेंच. त्यांत ‘वीर’ हा शब्द एकदांहि आलेला नाहीं. आम्हांस मात्र तो कागद पुन्हां पुन्हां वाचावासा वाटला. जॉर्जियाच्या सुमारे ३५ लाख वस्तींतून सुमारे ७ लाख माणसें ह्या युद्धावर गेलीं असें सांगतात. असला आंकडा वाचून मन जागचें हालत नाहीं. दांतांनीं सोललेली तार वाचून तें हालतें.

ह्या शोधाच्या नादांत आम्हांस दुसरेहि कांहीं इतिहास कळले. मानचिन्हाचा क्रमांक म्हणजे मानाचा क्रम नव्हे. ‘पितृभूमीच्या युद्धाचें’ मानचिन्ह सर्वांत आधीं खारकोव्हकडे लढलेल्या कॅप्टन इव्हान क्रिक्ली ह्याच्या तोफखान्यास जाहीर झालें. क्रमांक १ चें मानचिन्ह मात्र वसीली कोन्यूखोव्ह ह्या युद्धांत पडलेल्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडे गेलें. कधीं कागद होतो आणि पदकच पोंचत नाहीं. १९६४ सालच्या प्रसिद्ध रशियन बोलपटांत हॅम्लेटचें काम करणारे इन्नोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की हे तरुणपणीं साधे शिपाई होते. १९४३ सालीं नीपर नदी तोफांच्या माऱ्यांत ओलांडून त्यांनीं लष्करी कागद पोंचविले, त्याबद्दल ‘शौर्या’चें पदक त्यांना मंजूर झालें. पुढें ते शत्रूच्या हातीं सांपडले, निसटले, पुन्हां लढले, दुसरें पदक मिळविलें. पहिलें पदक त्यांच्या हातीं पडलें तें एकूणपन्नास वर्षांनीं, मॉस्कोच्या आर्ट थिएटरच्या रंगमंचावर! त्यांचें खरें आडनांव स्मोक्तुनोविच. लष्कराच्या कागदांत त्यांस त्याच नांवानें शोधावें लागतें.

आणि तांबड्या ताऱ्याच्या यादींत दोन हिंदी नांवेंहि आहेत. इराणच्या वाटेनें रशियास जी रसद जात असे तिच्या कामीं हिंदी सैन्याच्या सर्व्हिस कोअरमधील माणसें होतीं. त्यांपैकीं मद्रास इलाख्याचे सुभेदार नारायणराव निक्कम व कुमाऊंतील पिठोरागडकडचे हवालदार गजेंद्रसिंह ह्या दोघांस १९४४ सालीं हा तारा देण्यांत आला. निक्कम हें आडनांव वाचतांच मराठी वाचकाचे कान टवकारतील. तंजावर-मद्रासकडे मराठी घराणीं पुष्कळ. परंतु केवळ आडनांवावरून मूळ ठरविण्याचा मोह आम्ही आवरतों. आम्हीं ही गोष्ट घरमालकीणबाईंस सांगितली, तेव्हां ‘म्हणजे तुमचा देखील कोणी तार जोडीतच होता म्हणा कीं,’ असें त्या म्हणाल्या.

पण आमचा पुढचा बेत त्यांस आवडला नाहीं. शिफारशीच्या कागदावर घरचा पत्ता होता: काखेती प्रांतांतल्या गुर्जानी तालुक्याचें एक खेडें. तें त्बिलिसीहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. तारा विकत घ्यावा आणि वारस असतील तर त्यांस नेऊन द्यावा, असें चिरंजीवांनीं सुचविलें. घरमालकीणबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तो चोरीस गेला असें तुम्हांस कां वाटतें? १९७७ पर्यंत मानकरी वारला कीं मानचिन्ह सरकारला परत करावें लागे. त्यानंतरच तें घरांत राहूं लागलें. आणि राहिलें तें त्या हिवाळ्यापर्यंत. मीं स्वतः आईचा रुप्याचा चहाचा संच त्या पुलावर नेऊन ठेवला होता. उद्यां कोणी तो परत आणून माझ्या दारांत उभा राहिला, तर मीं त्याला काय म्हणावें?’ ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, ‘तारा विकला असेल, कागदावर काय लिहिलें होतें तें त्यांनीं कधीं विकलें नाहीं. तें त्यांना ठाऊक तरी आहे का?’

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुलावर गेलों. तारा नव्हता. आदल्याच सायंकाळीं एका परदेशी गृहस्थांनीं तो नेला होता. पुस्तिका मात्र सतरंजीवर तशीच पडलेली होती; कागदाची त्यांना गरज वाटली नाहीं. दुकानदारानें ती आमच्या हातीं दिली व पैसे घेण्याचें नाकारलें.

काखेतीकडे जाण्यास ‘मार्शरूत्का’ नांवाच्या लहान मोटारगाड्या मिळतात. घरमालकीणबाईहि आमच्याबरोबर निघाल्या. द्राक्षांच्या खुडणीचे दिवस होते, त्यांच्या एका चुलतभावाचे मळे तिकडेच होते, त्यामुळें आपण आमच्यासाठीं येत नाहीं असें त्यांनीं दोनदां बजावून सांगितलें. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस द्राक्षांनीं भरलेल्या मालमोटारी, दारोदारीं टांगलेल्या ‘चुर्चखेला’च्या माळा (अक्रोडांची माळ ओंवून ती आटवलेल्या द्राक्षरसांत बुडवितात; आमच्या मंडळींनीं दोन डझन घेतल्या), आणि अलाझानीच्या खोऱ्यापलीकडे कॉकेशसचीं शिखरें. गुर्जानीस एका टेकडीवर ‘शिपायाच्या बापा’चा मोठा पुतळा आहे. ह्याच नांवाचा जॉर्जियन बोलपट १९६४ सालीं निघाला. काखेतीचा एक म्हातारा शेतकरी जखमी मुलाला भेटण्यासाठीं इस्पितळांत जातो, मुलगा तेथून लढाईवर परत गेलेला असतो, आणि म्हातारा त्याच्यामागें स्वतःच सैन्यांत शिरून थेट जर्मनीपर्यंत जातो, अशी ती कथा. घरमालकीणबाईंनीं तो कित्येक वेळां पाहिला होता. पुतळ्याकडे त्यांनीं वर मान करून पाहिलें नाहीं. गाडींतच बसून राहिल्या.

त्या खेड्यांत घर शोधण्यास श्रम पडले नाहींत. दुकानांत आडनांव सांगतांच एक मुलगा आमच्यापुढें धांवत निघाला. अंगणांत द्राक्षांचा मांडव, त्याखालीं लांब बांक, आणि बांकावर त्या शिपायाची मुलगी बसलेली होती. वय ऐंशींच्या पुढें. बाप लढाईवर गेला तेव्हां ती पाळण्यांत होती. घरमालकीणबाईंनीं आमची ओळख करून दिली व पुस्तिका तिच्या हातीं दिली. आजीबाईंनीं ती उघडली, नांवावरून बोट फिरविलें, आणि आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच सांगितलें कीं, तारा त्यांनीं स्वतः विकला. १९९३ च्या हिवाळ्यांत. त्याचें पोतेंभर पीठ आलें. बापानें तो कपाटांत रुमालांत गुंडाळून ठेवला होता. तो १९७९ सालीं वारला. हें सारें त्यांनीं अगदीं सरळ सांगितलें, आणि घरमालकीणबाईंनीं सरळच भाषांतर केलें.

बाप लढाईविषयीं काय सांगत असे, असें आमच्या मंडळींनीं विचारलें. कांहीं नाहीं, असें उत्तर आलें. घरीं आल्यावर तो सामुदायिक शेतावर विजेच्या तारांचें काम करीत असे. एका हाताचीं दोन बोटें नीट वळत नसत.

मग सूनबाईंनीं तो कागद वाचला. एक वाक्य त्या रशियनमध्यें वाचीत, घरमालकीणबाई तें जॉर्जियनमध्यें सांगत. आजीबाईंचा मुलगा द्राक्षांची पाटी खालीं ठेवून दारापाशीं उभा राहिला. सात ठिकाणीं तार जोडल्याचा मजकूर आला तेव्हां आजीबाईंनीं हात वर करून थांबविलें व तेवढें पुन्हां वाचावयास सांगितलें. दांतांचा उल्लेख आल्यावर मुलाकडे वळून त्या कांहींतरी म्हणाल्या. घरमालकीणबाईंनीं त्याचें भाषांतर केलें नाहीं, आणि आम्हीं मागितलेंहि नाहीं.

त्यांनीं आमच्यापुढें मद्य आणलें. आम्हीं द्राक्षें घेतलीं. निघण्याच्या वेळीं त्यांनीं पुन्हां कागद मागितला. चिरंजीवांनीं त्याची छापील प्रत काढून आणली होती, ती त्यांच्या हातीं दिली. वरच्या रकान्यांतील आंकडे त्यांस वाचतां येत होते. जन्मसाल १९१६ दिलें होतें. त्यांनीं मान हालविली. बाप १९१४ सालचा. चर्चच्या वहींत तसेंच होतें, कारकुनानें चूक केली. पोडोल्स्कला कळवून तेवढें दुरुस्त करून घेतां येईल का, असें त्यांनीं सूनबाईंस विचारलें.